शॉर्टवेव्हवर ऐकलेली मुत्सद्देगिरी: वडिलांच्या वहीतील तीन रकाने

मूळ धागा (यावल तालुका)

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली, तेव्हा तिच्यात वडिलांच्या बातम्यांच्या वह्या सापडल्या. वडील भुसावळला रेल्वेत नोकरीला होते. रात्रपाळी नसेल त्या दिवशी जेवण आटोपल्यावर ते ओट्यावर खाट टाकत, ट्रान्झिस्टर उशाशी घेत आणि दोनशे पानी वहीत पेन्सिलीने आखलेल्या तीन रकान्यांत नोंदी करत. रकान्यांची नावे होती दिल्ली, लंडन आणि मॉस्को. आमचे घर धाब्याचे होते. धाब्यावरून समोरच्या निंबाच्या झाडापर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्याची तार ओढली होती, आणि सेल उतरले की ते दिवसभर उन्हात ठेवून आणखी दोन-तीन रात्री चालवले जात. बीबीसीची हिंदी सेवा, मॉस्को रेडिओचे हिंदी प्रसारण आणि आकाशवाणीची बातमीपत्रे या तिन्हींचा ठावठिकाणा त्यांना काट्याकडे न बघता सापडत असे.

१३ ऑक्टोबर १९८६ चे पान समोर ठेवून हे लिहीत आहे. आदल्या दोन दिवसांत आइसलंडमधील रेक्याविक येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांची भेट झाली होती. मॉस्कोच्या रकान्यात नोंद आहे की अमेरिकेने अंतराळातील शस्त्रयोजनेचा हट्ट सोडला नाही. लंडनच्या रकान्यात नोंद आहे की दोन्ही नेते करार न करता परतले आणि एकमेकांवर ठपका ठेवत आहेत. दिल्लीच्या रकान्यात दोनच शब्द आहेत, ‘चर्चा निष्फळ’. त्याखाली वडिलांनी बारीक अक्षरात स्वतःचा प्रश्न लिहिला आहे: निष्फळ कोणासाठी?

त्यांना तेव्हा उत्तर ठाऊक असणे शक्यच नव्हते. चौदा महिन्यांनी, ८ डिसेंबर १९८७ रोजी, त्याच दोन नेत्यांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला आणि ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सोडण्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचे ठरले. त्या कराराचा बराचसा पाया रेक्याविकच्या फिसकटलेल्या बैठकीत घातला गेला होता, कारण कोण कुठपर्यंत यायला तयार आहे हे दोन्ही बाजूंना तेथेच पहिल्यांदा कळले. म्हणजे त्या रात्री तिन्ही केंद्रांनी जे सांगितले त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि तरीही ते ऐकून खाटेवर पडलेल्या माणसाच्या मनात जे चित्र उभे राहिले ते चुकीचे होते.

मला या धाग्यात नेमके हेच मांडायचे आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओने आपली दिशाभूल केली ती मुख्यतः खोट्या बातम्यांनी केली, असे मला वाटत नाही. बातमीपत्र दहा किंवा पंधरा मिनिटांत संपवायचे असते, त्यामुळे प्रत्येक भेटीचा निकाल त्याच रात्री लावावा लागतो आणि त्या निकालासाठी क्रियापदे लागतात. कोणी ‘नमले’, कोणी ‘माघार घेतली’, कोणी ‘ताठर राहिले’, कोणी ‘हात पुढे केला’. वाटाघाटींचे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्यातील मोठा भाग मुद्दाम झाकून ठेवलेला असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात राहते ते क्रियापद.

याचे सर्वांत मोठे उदाहरण १९६२ च्या क्युबा प्रकरणाचे आहे, जेव्हा सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्र क्षेपणास्त्रे बसवली होती. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना खाजगी पत्र पाठवले. मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीत दिलेले ते पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला सुमारे १२ तास लागले. जग अणुयुद्धाच्या तोंडाशी असताना इतका वेळ कोणालाच परवडणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे हटवण्याची मागणी करणारे पत्र मॉस्कोने थेट रेडिओवरून जाहीर केले, आणि २८ ऑक्टोबरला क्युबातून क्षेपणास्त्रे काढून घेण्याचा निर्णयही रेडिओ मॉस्कोवरच वाचून दाखवण्यात आला. रेडिओ तेव्हा मुत्सद्देगिरीची बातमी देत होता आणि त्याच वेळी मुत्सद्देगिरीचा टपालवालाही झाला होता. परक्या देशांचे रेडिओ ऐकून शब्दशः टिपून घेणारी खाती दोन्ही बाजूंकडे होती, त्यांनी तो मजकूर राज्यकर्त्यांच्या टेबलावर ठेवला. पुढे २० जून १९६३ रोजी दोन्ही राजधान्यांना थेट जोडणाऱ्या टेलिप्रिंटर वाहिनीचा करार झाला, त्यामागे हाच अनुभव होता.

आता यातील झाकलेला भाग पाहा. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना सांगितले होते की तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रेही काढली जातील, मात्र हे जाहीर करता येणार नाही. १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती काढली गेलीही. पण जगभरच्या श्रोत्यांनी ऐकले ते एवढेच, की रशिया नमला. ही समजूत पुढे पंचवीसएक वर्षे टिकली, आणि ‘न झुकल्यानेच शत्रू झुकतो’ असा धडा त्यातून अनेकांनी घेतला. हा धडा ज्या वाक्यावर उभा होता ते वाक्य अर्धे होते.

एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. जगाच्या राजकारणाची आस्था आमच्या भागाला उसनी आणावी लागली नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा अध्यक्षपदावरून बोलताना नेहरूंनी स्पेनमधील यादवीबद्दल आणि युरोपातील फॅसिझमबद्दल सांगितले होते. आमचे आजोबा त्या गर्दीत होते. बहुधा त्यामुळेच घरात रेडिओ आला तेव्हा तो गाण्यांपेक्षा बातम्यांसाठी जास्त लागला.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी परदेशी केंद्रे ऐकली जात, त्यांनी काय ऐकले आणि त्यातून कोणते ग्रह झाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (अमळनेर)

दादा, आपल्या वडिलांच्या वह्यांबद्दल वाचून डोळे भरून आले. मी निवृत्त शिक्षिका आहे. १९६२ मध्ये मी चौदा वर्षांची होते, आणि आमच्या संपूर्ण गल्लीत एकच मोठा मर्फी रेडिओ होता, तोही ज्यांच्या घरी होता त्यांच्या देवघराशेजारी, वरून विणलेला रुमाल घातलेला.

आपण क्युबाचे सांगितले, पण आमच्या गल्लीला त्या आठवड्यात क्युबा माहीतच नव्हता. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला होता. नोव्हेंबरात ईशान्य सीमेवरचे बोमडिला पडल्यावर नेहरूंनी आकाशवाणीवरून आसामच्या लोकांना उद्देशून जे भाषण केले, ते ऐकताना बाया पदराने डोळे पुसत होत्या. आणि त्यानंतर दोनच दिवसांत, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. १ डिसेंबरपासून आपले सैन्य १९५९ च्या नोव्हेंबरातील ताबारेषेच्या २० किलोमीटर मागे नेऊ, असेही त्या घोषणेत होते. माझी आजी निरक्षर होती आणि घरात अहिराणीच बोलायची. तिने सरळ विचारले, “लढाई सरनी का?” आणि खोलीतल्या एकाही शिकल्या-सवरल्या माणसाला तिला होय किंवा नाही म्हणता आले नाही.

मला यातून वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. शब्दांच्या आधी ऐकणाऱ्याची चाळणी काम करते. पेकिंग (आजचे बीजिंग) रेडिओची हिंदी सेवा तेव्हा सुरू होती, पण तो काटा चुकून लागला तरी मोठी माणसे घाईने पुढे सरकवत, कारण तो शत्रूचा रेडिओ होता. जिंकत असलेले सैन्य मागे का जाते, हा प्रश्न समजून घ्यायचा तर चीन स्वतः काय म्हणतो हे ऐकणे भाग होते. आम्ही ते ऐकले नाही. मग गल्लीत जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देऊ लागला. कोणी म्हणाले हिवाळ्यात घाटवाटा बंद होतील म्हणून गेले, कोणी म्हणाले अमेरिकेला घाबरले. आमच्या लेखी एका केंद्राची ‘बातमी’ होती आणि दुसऱ्या केंद्राचा ‘प्रचार’ होता, आणि ही वाटणी आम्ही रेडिओ लावण्यापूर्वीच केलेली होती.

त्या युद्धाची खूण आपल्या जिल्ह्यात आजही उभी आहे. वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना १९६४ चा आहे, तो त्याच पराभवातून आला. माझे दोन विद्यार्थी तेथून निवृत्त झाले.

आपल्याकडे नोव्हेंबर १९६२ चे पान असेल तर त्यात काय लिहिले आहे, ते मला फार मनापासून जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद (जळगाव)

धागा आवडला, परंतु मूळ मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. मी काही वर्षे वृत्तपत्रात काम केले आहे. खोटे न सांगता दिशाभूल होते हे मान्य, पण आपण सर्व दोष वेळेच्या मर्यादेवर आणि क्रियापदांवर टाकत आहात. हे रेडिओ सरकारांनी आपल्या पैशांनी का चालवले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. बीबीसीच्या जागतिक सेवेचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून होत असे. म्युनिकहून पूर्व युरोपातील श्रोत्यांसाठी बोलणाऱ्या रेडिओ फ्री युरोपला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेकडून छुपा पैसा मिळत होता. व्हॉइस ऑफ अमेरिकाने बातम्या अचूक आणि समतोल द्याव्यात असा कायदा १९७६ मध्ये झाला, पण अमेरिकेची धोरणे स्पष्टपणे मांडावीत हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे.

यातील फरक समजून घेतला पाहिजे. रेडिओ फ्री युरोपने काय केले ते हंगेरीच्या लोकांनी १९५६ मध्ये भोगले. त्यांच्या प्रसारणांतून अनेक श्रोत्यांची अशी समजूत झाली की पश्चिमेकडून मदत येणार आहे. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि मदत आली नाही. ऐकणाऱ्याने मुत्सद्देगिरीचा चुकीचा अंदाज बांधला, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

बीबीसीची रीत वेगळी होती आणि म्हणूनच ती अधिक खोलवर गेली. ती स्वतःच्या सरकारच्या अडचणीच्या बातम्याही सांगत असे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींच्या मृत्यूची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या कित्येक तास आधी दिली, हे आपल्या पिढ्यान् पिढ्या सांगतात. आणीबाणीत तर गावोगावी लोक बीबीसीवरच विसंबून होते. असा विश्वास एकदा बसला की श्रोता पुढे त्या केंद्राची चौकटही न तपासता स्वीकारतो. अफगाणिस्तान, इराण, आखात या विषयांवर कोणती बाजू ‘कट्टर’ आणि कोणती ‘मवाळ’ हे आपण लंडनच्या शब्दांत बोलू लागलो, ते याच विश्वासामुळे. आपल्या वडिलांसारखे तीन रकाने आखणारे किती होते? बहुतेकांच्या घरी एकच रकाना होता.

प्रतिसाद (भुसावळ)

जळगावच्या सदस्यांनी पैशांचे सांगितले, मी आवाजाचे सांगतो. रेडिओ दुरुस्ती हा आमचा घरचा धंदा होता. ३१ आणि २५ मीटरवर काटा फिरवताना मध्येच करवतीसारखी घरघर लागायची, तो बिघाड नसे. सोव्हिएत संघ परदेशी केंद्रांवर मुद्दाम तो आवाज सोडत असे. आमच्या वडिलांना गिऱ्हाइकांना हे समजावून सांगावे लागे, कारण लोक रेडिओ बिघडला म्हणून घेऊन येत.

आता गंमत नव्हे, महत्त्वाची गोष्ट अशी की त्या घरघरीचे चढ-उतार हीच एक बातमी होती. १९६३ मध्ये संबंध सुधारू लागले तेव्हा ती थांबली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियात फौजा शिरल्या आणि ती परत आली. १९७३ मध्ये पुन्हा सैल झाली, १९८० मध्ये पोलंडच्या संपांच्या वेळी पुन्हा सुरू झाली. १९८७ मध्ये बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावरची घरघर बंद झाली आणि १९८८ च्या अखेरीस सोव्हिएत श्रोत्यांसाठी चालणाऱ्या अमेरिकी रेडिओ लिबर्टीवरचीही. निवेदकाचा एकही शब्द न समजता, केवळ कानांनी, दोन महासत्तांमध्ये काय चालले आहे याचा अंदाज बांधता येत होता, आणि तो बातमीपत्रातील ‘निष्फळ’ किंवा ‘यशस्वी’ यांपेक्षा कमी वेळा चुकला असता.

आणखी एक. १९९१ च्या ऑगस्टमध्ये सत्तापालट करू पाहणाऱ्यांनी गोर्बाचेव यांना क्रिमियातील विश्रामगृहात कोंडून ठेवले, तेव्हा बाहेर काय घडत आहे हे त्यांनी जुन्या रेडिओवर परदेशी केंद्रे लावूनच जाणून घेतले. ज्या केंद्रांवर त्यांच्याच देशाने चाळीस वर्षे घरघर सोडली होती, तीच केंद्रे.

प्रतिसाद (धुळे)

चर्चा महासत्तांवरच राहिली आहे, म्हणून आपल्या उपखंडाकडे वळतो.

१९७१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानात आले आणि पोट बिघडल्याचे कारण पुढे करून ९ ते ११ तारखेदरम्यान गुपचूप पेकिंगला जाऊन परतले. जगातील एकाही रेडिओला त्याचा सुगावा लागला नाही. १५ जुलैला निक्सन यांनी स्वतः जाहीर केले, तेव्हाच सर्वांना कळले. ९ ऑगस्टला भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. रेडिओ ऐकणाऱ्याच्या दृष्टीने या दोन घटना आकाशातून पडाव्यात तशा आल्या. आम्ही रोज रात्री बातम्या ऐकत होतो आणि त्या वर्षातील सर्वांत निर्णायक हालचाल आमच्या कानांच्या पलीकडे झाली होती. मूळ धाग्यातील झाकलेल्या भागाचा मुद्दा मला म्हणूनच पटतो.

पण नावांचा विषय क्रियापदांपेक्षाही मोठा आहे. आपण ज्याला पाकव्याप्त काश्मीर म्हणतो, त्याला पाकिस्तानचा रेडिओ आझाद काश्मीर म्हणतो, आणि बीबीसी एकाला भारत-प्रशासित व दुसऱ्याला पाकिस्तान-प्रशासित काश्मीर म्हणते. हे शब्द कानांवर पडताच आपल्याकडील श्रोता दुखावतो, आणि पुढचे वृत्त कितीही नेमके असले तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तिकडच्या श्रोत्याचेही तसेच होत असणार.

१० मे २०२५ च्या संध्याकाळचेही उदाहरण घ्या. भारत-पाकिस्तान लढाई थांबल्याचे सर्वांत आधी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर जाहीर केले आणि ते अमेरिकेच्या मध्यस्थीने झाले असे सांगितले. आपल्या परराष्ट्र सचिवांनी मात्र सांगितले की दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये थेट बोलणे झाले आणि त्यातून सहमती झाली. घटना एकच, परंतु ‘मध्यस्थीने घडवलेला युद्धविराम’ आणि ‘थेट झालेली सहमती’ या दोन शब्दयोजनांमध्ये शिमला करारापासूनचे, दोघांच्या वादात तिसरा नको हे आपले सारे धोरण सामावलेले आहे. परदेशी केंद्रांनी पहिली शब्दयोजना उचलली की दुसरी, यावर तिथल्या श्रोत्याने भारताविषयी काय मत बनवले ते ठरले.

धागाकर्ता (यावल तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद वाचून मी गेले चार दिवस वह्या पुन्हा चाळल्या, आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे.

जळगावच्या सदस्यांनी विचारले होते की तीन रकाने आखणारे किती होते. मला वाटत होते की माझे वडील तरी होते. परंतु डिसेंबर १९७१ ची पाने पाहिल्यावर लक्षात आले की दिल्ली आणि मॉस्कोच्या रकान्यांसमोर त्यांनी एकदाही प्रश्नचिन्ह घातलेले नाही. अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले त्या दिवसांत लंडनच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीसमोर प्रश्नचिन्ह आहे, काही ठिकाणी दोन. रकाने तीन होते, पण शंका एकाच रकान्यावर होती. अमळनेरच्या ताईंनी चाळणीबद्दल जे लिहिले, ते माझ्या वडिलांनाही लागू पडते. रेक्याविकच्या पानावरचा तो प्रश्न विचारण्यापर्यंत पोहोचायला त्यांना पंधरा वर्षांचे ऐकणे लागले, असे आता मला वाटते. १९७१ च्या पानांवर ‘कोणासाठी’ हा शब्द नाही. १९७९ पासून तो अधूनमधून दिसू लागतो.

म्हणून मी माझी मूळ मांडणी थोडी बदलतो. क्रियापदे आणि वेळेची घाई श्रोत्याची समजूत घडवतात हे माझे मत कायम आहे, पण अनेक केंद्रे ऐकली की समज आपोआप वाढते हा जो सूर माझ्या लिखाणात आला होता, तो मी मागे घेतो. तुलना करण्याची सवय लागते, आणि तीही आपल्याला प्रिय असलेल्या केंद्रावर लावायला फार उशिरा.

ती सवय लावणारी साधने आता झपाट्याने मावळली आहेत, याचे मात्र मला मनापासून दुःख आहे. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. व्हॉइस ऑफ अमेरिकाचे हिंदी रेडिओ प्रसारण २००८ मध्येच बंद झाले होते, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या संस्थेचे बहुसंख्य कर्मचारी सरकारी आदेशानंतर घरी बसवले गेले. गेल्या आठवड्यात वडिलांच्या रेडिओत नवे सेल घालून मी रात्री नऊला काटा फिरवला. जेथे पूर्वी पाच-सहा भाषा एकमेकींवर आदळत, तेथे आता बहुतेक जागी नुसती खरखर आहे.

प्रतिसाद (जळगाव)

आपण मत बदलल्याचे इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आदर वाटला. एक उपाय सुचवतो, जो मी स्वतः करतो. दोन देशांच्या नेत्यांची भेट झाली की दोन्ही परराष्ट्र खात्यांची निवेदने आता त्याच दिवशी फोनवर वाचायला मिळतात. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी कझानला आपल्या पंतप्रधानांची आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांची भेट झाली, तेव्हा मी दोन्ही निवेदने शेजारी ठेवून वाचली. आपल्या निवेदनात सीमेवरील शांततेला अग्रक्रम होता, तर चीनच्या निवेदनात सीमाप्रश्नाचा एकूण संबंधांवर परिणाम होऊ नये हा सूर होता. कोण काय आधी म्हणतो आणि काय गाळतो, हे निवेदकाच्या मध्यस्थीशिवाय दिसते. आपल्या वडिलांनी आज रकाने आखले असते तर बहुधा असेच आखले असते.

प्रतिसाद (अमळनेर)

दादा, नोव्हेंबर १९६२ च्या पानाचे विचारले होते.

धागाकर्ता (यावल तालुका)

ताई, क्षमा असावी, उत्तर द्यायचे राहून गेले. तेव्हा आमच्या घरी रेडिओ नव्हता. तो १९६५ च्या अखेरीस, कपाशीचे पैसे आल्यावर घेतला. वह्या जानेवारी १९६६ पासून सुरू होतात.

पहिल्याच वहीत १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतरच्या ताश्कंद कराराची पाने आहेत. १० जानेवारीला करार झाला, त्या दिवशी तिन्ही रकान्यांत वेगवेगळे लिहिले आहे. दिल्लीकडे शांततेचा उल्लेख आहे, मॉस्कोकडे सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या प्रयत्नांचा, आणि लंडनकडे भारताला युद्धात जिंकलेली काश्मीरमधील हाजीपीर खिंड सोडावी लागणार याचा. पुढचे पान ११ जानेवारीचे आहे. त्यावर रकाने आखलेले आहेत, पण वडिलांनी रेघांची पर्वा न करता पानभर आडवे एकच वाक्य लिहिले आहे, की शास्त्रीजी गेले. त्या पानाचा फोटो काढून उद्या येथे लावतो.